मुंबईचा आवाज कुणी जपला?

२० फेब्रुवारी २०२४ला अमीन सयानी गेले. त्या संध्याकाळी मी जेवढ्या वाहिन्या पाहिल्या, त्या सगळ्यांवर तेच ते दोन-चार तुकडे वाजत होते. १९५२ ते १९९४ असा बेचाळीस वर्षं चाललेला कार्यक्रम, आणि हाताशी एवढंच? मला अब्बांची वही आठवली.

अब्बा दर बुधवारी रात्री आठला ट्रान्झिस्टर घेऊन ओट्यावर बसायचे आणि ‘बिनाका गीतमाले’तल्या गाण्यांची पायदानं वहीत उतरवायचे. गाण्यांची नावं उर्दूत, आकडे मराठी. ते गेल्यावर घर आवरताना ती वही मीच रद्दीत घातली. त्यामुळे सरकारने काय जपलं नाही, हे लिहिताना माझा हात जरा अडखळतो.

मुंबईत नियमित रेडिओ सुरू झाला २३ जुलै १९२७ला. व्हाइसरॉय आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन केलं. कंपनी तीन वर्षंही टिकली नाही. १९३०मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६मध्ये त्याचं ‘ऑल इंडिया रेडिओ’ झालं. त्या सुरुवातीच्या वर्षांत या शहरात कोण काय बोललं, काय गायलं, त्यातलं फारच थोडं आज ऐकायला मिळतं.

याच शहरातल्या दुसऱ्या एका रेडिओचं मात्र बरंच काही उरलं आहे. आणि तो होता बेकायदा!

२७ ऑगस्ट १९४२ला काँग्रेस रेडिओ बोलू लागला. ४२.३४ मीटरवर, ‘हिंदुस्थानात कुठूनतरी’. प्रत्यक्षात मुंबईतूनच. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनी यंत्रसामग्री पुरवली, राममनोहर लोहियांचा त्यात सहभाग होता. पोलिसांचा माग चुकवत ही मंडळी आज या घरातून, उद्या त्या घरातून प्रक्षेपण करत. वर्तमानपत्रांची तोंडं बंद होती. चिमूर-आष्टीचे अत्याचार, जमशेदपूरचा संप या बातम्या लोकांना इथून कळल्या. १२ नोव्हेंबरला छापा पडला, अटका झाल्या. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

अडीच महिन्यांचा हा खेळ हवेत विरून जायचा. पण पोलीस ही प्रक्षेपणं ऐकून कागदावर उतरवून घेत होते. खटल्यासाठी पुरावा हवा होता ना! ते कागद सरकारी दफ्तरात राहिले आणि त्यांच्या आधारे उषा ठक्कर यांनी २०२१मध्ये काँग्रेस रेडिओवर इंग्रजीत आख्खं पुस्तक लिहिलं. ज्यांना हा आवाज बंद करायचा होता, त्यांनीच तो जपला.

गीतमालेची गोष्टही अशीच वळणाची. १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे भक्त. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. पण सिलोनचा हा आवाज होता मुंबईचाच. कार्यक्रम इथे ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. सयानींना आठवड्याला पंचवीस रुपये मिळत. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आल्याचं ते सांगत.

त्यांची ती सोपी हिंदुस्तानी आली कुठून? घरातून. आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेचं काम करत आणि गांधीजींच्या सांगण्यावरून ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढत. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, भाषा मात्र एकच. अमीनभाई त्यात लहानपणापासून हात लावत. ही भाषा कुणाची, म्हणून आज जे भांडतात त्यांनी हे पाक्षिक आठवावं.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला वरळीत सुरू झालं. टेप महाग, म्हणून जुन्यावरच नवं मुद्रण व्हायचं. असं किती गेलं, याची मोजदाद कोण करणार? प्रसार भारतीने अलीकडे काही जुने कार्यक्रम यूट्यूबवर टाकले, हे चांगलंच झालं. पण टेप जपायच्या तर त्या ओळखणारी माणसंही लागतात. हा आवाज कुणाचा, हे मुद्रण कुठल्या स्टुडिओतलं, हे सांगणारे निवेदक आणि तंत्रज्ञ निवृत्त होत चालले. त्यांच्या जागी आलेले कित्येक जण नैमित्तिक, ड्युटीप्रमाणे मानधन घेणारे. जून २०२३मध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करायचा निर्णय झाला होता. पुणेकरांनी ओरड केली, तेव्हा तो थांबला. मुंबईकरांनी अशी ओरड केलेली मी तरी ऐकली नाही. ऐकतंय कोण, असं विचारणाऱ्यांनी पहाटे मासळीबाजारात किंवा टॅक्सीत कान द्यावा.

‘गीतमाला की छाँव में’ हा संच सारेगामाने काढला. त्यात सयानींनी जुनी पायदानं पुन्हा मांडली. मूळ कार्यक्रमांचे तुकडे मात्र गावोगावच्या श्रोत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेल्या कॅसेटांत पडून आहेत.

परभणीला माझ्या मामूंकडे अशा चौदा कॅसेट निघाल्या. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. मामू म्हणाले, “घेऊन जा, पण वाजवशील कशावर?” टेपरेकॉर्डरचा पट्टा गेला होता. तो परवा लॅमिंग्टन रोडवर मिळाला. रविवारी परभणीला निघालोय.