कुपीवरील खूण
पल्स पोलिओ मोहिमेस भारतात १९९५ मध्ये आरंभ झाला व २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. या यशाच्या इतिहासात यवतमाळ जिल्ह्यातील एका घटनेची नोंद अवश्य हवी. दि. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील १२ बालकांना लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. उलट्या होऊ लागताच मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलविले. सुदैवाने ती बचावली. तिघांवर निलंबनाची कारवाई झाली. तेवढ्याने प्रश्न सुटला असे मानणे मात्र भाबडेपणाचे होय. लसीच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारी चौकोनी खूण असते आणि थेंब पाजण्यापूर्वी ती पाहावी, असा दंडक आहे. खुणेचा हेतू लस उष्णतेने निकामी झाली काय, एवढेच सांगण्याचा. तथापि ती शोधणाऱ्यास हाती भलतीच बाटली असल्याचे तत्क्षणी उमगले असते.