भारत–दक्षिण कोरिया महिला खो-खो सामना (२०२५)

पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेतील महिला विभागाचा गटसाखळी सामना. दिनांक : १४ जानेवारी २०२५. स्थळ : इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियम, नवी दिल्ली. निकाल : भारत १७५, दक्षिण कोरिया १८. भारताची कर्णधार : प्रियंका इंगळे. विश्वचषकातील भारतीय महिलांचा हा सलामीचा सामना होता आणि त्या स्पर्धेतील त्यांच्या सहा विजयांपैकी १५७ गुणांचा हा विजय सर्वांत मोठा ठरला. एकतर्फी सामन्यांची चर्चा निघाली की खो-खोच्या वर्तुळात आता याच सामन्याचा दाखला दिला जातो. तो आकडा ज्या गुणपद्धतीत निर्माण झाला तिचा उल्लेख मात्र सहसा होत नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत सामन्यापेक्षा पद्धतीला अधिक जागा दिली आहे.

स्पर्धा : १३ ते १९ जानेवारी २०२५. पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ, एकूण २३ देश. महिलांच्या ‘अ’ गटात भारत, इराण, मलेशिया व दक्षिण कोरिया हे संघ होते.

सामन्याचा ओघ : निकाल पहिल्या दोन पाळ्यांतच स्पष्ट झाला होता, उरलेल्या दोन पाळ्यांत फरक तेवढा वाढत गेला.

गुणपद्धती व आकड्याचा अर्थ : खो-खोचे पहिले लिखित नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली केले असे मानले जाते. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत संघ बारा जणांचा, त्यांपैकी नऊ मैदानात : आठ पाटीवर बसलेले आणि एक पाठलागावर. नऊ मिनिटांचे आक्रमण, नऊ मिनिटांचे संरक्षण, असे दोन डाव. गडी बाद झाला की एक गुण. पळणाऱ्याला गुण नाहीत. त्याने वेळ खायचा, एवढेच. म्हणून जुन्या बातम्यांत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याची पळतीची मिनिटे-सेकंद आणि टिपलेले गडी अशी दोन खाती असत, आणि निकाल ‘एक डाव राखून अमुक गुणांनी’ असा लिहिला जाई. खो-खो वाचायला शिकलेला वाचक आधी मिनिटे पाहतो, मग गडी.

२०२२ साली पुण्यात बालेवाडीला सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने हा हिशेब बदलला आणि विश्वचषक त्याच वाटेने गेला. सामने मॅटवर झाले. मैदानात प्रत्येकी सात खेळाडू आले आणि सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या आल्या. बाद केलेल्या गड्याला एकाऐवजी दोन गुण मिळू लागले. पळणाऱ्यांची तुकडी ठराविक वेळेपलीकडे टिकली तर तिलाही गुण मिळू लागले; यालाच ‘ड्रीम रन’ म्हणतात. १७५ ही विषम संख्या आहे, ही गोष्ट जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. गडी टिपून मिळणारे गुण दोनाच्या पटीत येतात. तेव्हा या गुणसंख्येत भारताच्या पळतीचाही वाटा आहे, हे आकडाच सांगतो.

आता आक्रमणाचा हिशेब. भारताच्या वाट्याला आक्रमणाची एकूण चौदा मिनिटे, म्हणजे ८४० सेकंद. १७५ पैकी १६० गुण जरी आक्रमणाचे धरले तरी ऐंशी गडी होतात. सरासरी साडेदहा सेकंदाला एक. तुकडीत तीन गडी. म्हणजे अर्ध्या मिनिटात तुकडी गारद. शिवाय शेवटचा गडी टिपणाऱ्याला आत येणाऱ्या नव्या तुकडीवर तशीच झडप घालता येत नाही, त्याला आधी खो द्यावा लागतो. त्या थबकण्याचा वेळही यातच धरलेला आहे. आपल्याकडील शालेय संघ चांगला असेल तर त्याचा एकटा गडी दीड-दोन मिनिटे सहज काढतो. त्यावरून कोरियन संघाची पळती किती कच्ची होती याची कल्पना यावी.

पळती कच्ची असणे म्हणजे काय, हे खेळ न पाहिलेल्या वाचकासाठी सांगितले पाहिजे. पाटीवर बसलेल्या शेजारच्या दोन गड्यांची तोंडे उलट दिशांना असतात. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय बदलता येत नाही. पळणाऱ्याला यांपैकी कोणतेच बंधन नाही; तो कुठल्याही दोन गड्यांमधून पलीकडे जाऊ शकतो. ही मुभा वापरायला शिकणे म्हणजेच पळती शिकणे. सराईत खेळाडू एकेरी साखळीत गड्यागड्यामधून नागमोडी जातो, दम धरायला दुहेरी साखळीवर येतो, अडचणीत सापडला तर एका टोकाला गोल धरतो आणि खांबाजवळ हूल देऊन निसटतो. त्याची नजर पाठीमागच्या माणसावर नसते, पुढे बसलेल्याच्या पाठीवर असते. कारण खो तिथे मिळणार असतो. नवखा खेळाडू नेमके उलटे करतो. मागे वळून बघत पाटीच्या कडेने सरळ धावतो. वेगाने धावला तरी उपयोग नाही. त्याच्या बाजूला तोंड करून बसलेला गडी पाठीवर थाप पडताच समोरून उठतो, हात लांबवतो, आणि गडी बाद. शंभर मीटर जोरात पळणारी मुलगी खो-खोत पाच सेकंदांत बाद होते ती अशी.

आक्रमणातही हीच दरी होती. अठरा गुण म्हणजे सगळे आक्रमणाचे धरले तरी चौदा मिनिटांत नऊ गडी. खो देताना हात पाठीला लागणे आणि ‘खो’ हा उच्चार होणे यांचा मेळ बसावा लागतो. बसलेल्याने खो मिळण्याआधी उठायचे नसते. हे अंगवळणी पडायला वर्षे लागतात. मराठी मुलांच्या पायांत ती शाळेच्या मधल्या सुट्टीतच मुरलेली असतात. सोलमधल्या मुलीला तीच गोष्ट मोठेपणी, दुसऱ्या खेळातून येऊन, शिकावी लागते.

पुढील निकाल : भारताने इराणला १००–१६, मलेशियाला १००–२०, उपांत्यपूर्व सामन्यात बांगलादेशाला १०९–१६ आणि उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ६६–१६ असे हरवले. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध ७८–४० असा विजय मिळाला. बांगलादेशाचा सामना सोडला तर प्रतिपक्ष जसजसा जाणता होत गेला तसतसा फरक आटत गेला.

अंतिम सामन्याचा पाळीवार तपशील उपलब्ध आहे आणि तो सलामीच्या सामन्यापेक्षा अधिक शिकवणारा आहे. पहिल्या पाळीत भारत ३४–०. दुसऱ्या पाळीअखेर ३५–२४ : म्हणजे नेपाळने बारा गडी टिपले आणि भारताला पळतीचा केवळ एक गुण मिळाला. तिसऱ्या पाळीअखेर ७३–२४. चौथ्या पाळीत कर्नाटकच्या चैत्रा बी. हिच्या पळतीने पाच गुण जोडले गेले आणि नेपाळला सोळांवर अडवले गेले. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान तिला मिळाला. आक्रमणाचे मोठे आकडे मथळ्यात जातात. पण सामना हातून जाऊ न देण्याचे काम पळती करते, हे प्रस्तुत नोंदकाराचे जुने मत या सामन्याने पक्के केले.

इथे एक तुलना करून ठेवावी. मार्च २०२३ मध्ये आसाममधील तामुलपूर येथे झालेल्या चौथ्या आशियाई खो-खो स्पर्धेत भारतीय महिलांनी याच नेपाळला एक डाव आणि ३३ गुणांनी हरवले होते. ते जुन्या हिशेबाचे ३३, एका गड्याला एक. विश्वचषकातल्या ३८ गुणांच्या फरकाचे गडी केले तर वीससुद्धा होत नाहीत. कागदावर मोठा दिसणारा दिल्लीचा विजय प्रत्यक्षात तामुलपूरच्या मानाने बराच अटीतटीचा होता. खेळाडूंची संख्या, पाळीचा वेळ व डाव यांत फरक असल्याने तुलना काटेकोर नाही, एवढे मान्य करावे लागेल.

प्रात्यक्षिकाचा वारसा : परदेशी प्रेक्षकांपर्यंत खो-खो दीर्घकाळ पोहोचला तो सामना म्हणून नव्हे, दाखवण्याचा खेळ म्हणून. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत व १९८७ च्या कोलकाता येथील दक्षिण आशियाई खेळांत खो-खो दाखवला गेला. पहिली आशियाई खो-खो स्पर्धा १९९६ साली कोलकात्यात झाली. महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा मात्र १९६०–६१ मध्येच कोल्हापूरला सुरू झाली होती. देशातली परंपरा इतकी जुनी आणि देशाबाहेरची इतकी कोवळी. १४ जानेवारीचा सामना नियमाने स्पर्धेचा, परंतु वास्तवात प्रात्यक्षिकाच्या जवळचा होता. असे सामने भरवावेत की नाहीत यावर दोन्ही बाजूंनी बोलले गेले आहे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

इतर खेळ : एकतर्फी पराभवाची चव भारतीय महिलांनाही ठाऊक आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत बास्केटबॉलमध्ये संयुक्त कोरिया संघाने भारतीय महिलांना १०४–५४ असे हरवले होते. त्याच खेळांत कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणच्या महिलांनी भारताला २७–२४ असे नमवून सुवर्ण नेले. आज शिकणारा संघ उद्या हरवतो याचे कबड्डीहून जवळचे उदाहरण नाही. खो-खोत नेपाळ त्या दिशेने निघाला आहे. कोरियाबद्दल असे म्हणायला अद्याप आधार नाही.

महाराष्ट्र व मराठवाडा : विश्वविजेत्या संघाचे प्रशिक्षक सुमित भाटिया होते. महाराष्ट्रातून प्रियंका इंगळे, अश्विनी शिंदे व रेश्मा राठोड या संघात होत्या. इंगळे यांची घडण पिंपरी-चिंचवड परिसरात झाली. मूळ गाव बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले. अश्विनी शिंदे धाराशिवच्या. धाराशिव हे महिला खो-खोचे मराठवाड्यातील मोठे केंद्र मानले जाते. २०१६ साली गुवाहाटीत दक्षिण आशियाई सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघाच्या कर्णधार सारिका काळे तेथल्याच. त्यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि खो-खोला तो मिळायला मधे बावीस वर्षे गेली होती. विश्वविजेत्या संघातील दिल्लीच्या नसरीन शेख यांना २०२३ चा अर्जुन पुरस्कार मिळालेला आहे.



नोंदीविषयी : विक्रमांच्या कोष्टकात १७५–१८ हा निकाल घेताना त्यापुढे ‘सात खेळाडू, सात मिनिटांच्या चार पाळ्या, गड्यास दोन गुण’ असा उल्लेख अवश्य करावा. नऊ गड्यांच्या, डावाच्या हिशेबाने मिळालेल्या विजयांशेजारी तो तसाच मांडू नये. मराठवाड्यातील जिल्हा संघटनांनी आपापल्या जुन्या स्पर्धांचे गुणपत्रक पळतीच्या मिनिटांसह जपून ठेवावे, अशी विनंती आहे.