पीसीएमबी झेपत नाही, एक विषय सोडावा का? पीयूसी-बारावीच्या पालकांसाठी

कॉलेज सुरू होऊन दोन-तीन महिने होतात, पहिली चाचणी होते आणि घराघरात एकच विषय निघतो. दहावीला नव्वद टक्के मिळवलेलं पोर गणितात पंचवीसपैकी सात मार्क घेऊन येतं. आई म्हणते, ‘एक विषय कमी करून टाकूया.’ वडील म्हणतात, ‘चारही विषय असले की सगळे दरवाजे उघडे राहतात.’ पोरगं काहीच बोलत नाही.

मी स्वतः कॉमर्सचा पदवीधर, सायन्सचा मास्तर नव्हे. पण गेली काही वर्षं निकालाच्या आणि प्रवेशाच्या बातम्या देताना हा प्रश्न इतक्या वेळा कानावर आला, की नियम एका जागी मांडून ठेवावेत असं वाटलं.

आधी एक गैरसमज

कर्नाटकात पीयूसीला विषय ‘कमी’ होत नाही, तो बदलतो. दोन भाषा आणि चार ऐच्छिक विषय, प्रत्येकी १००, एकूण ६०० गुण ही रचना सगळ्यांना सारखी आहे. पीसीएमबीवाल्याने जीवशास्त्र सोडलं तर त्या जागी संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संख्याशास्त्र येतं, म्हणजे पीसीएमसी, पीसीएमई किंवा पीसीएमएस. ओझं उतरत नाही, फक्त दुसऱ्या खांद्यावर जातं. संगणकाची आवड असलेल्याला ते हलकं वाटेल. पण ‘बायोलॉजीचं पाठांतर नको’ एवढ्याच कारणासाठी संगणकशास्त्र घेतलं, तर दिवाळीपर्यंत तिथेही रडारड सुरू होते. गणित सोडायचं असेल तर आणखी अडचण, कारण गणित नसलेलं सायन्सचं कॉम्बिनेशन आपल्याच कॉलेजात मिळेल याची खात्री नसते. ते आधी ऑफिसात विचारावं.

महाराष्ट्र मंडळातही सहा विषय आणि ६०० गुण आहेत. तिथे जीवशास्त्र नको असलेली मुलं भूगोल, आयटी असं काहीतरी घेतात. खरी सूट आहे ती सीबीएसईत. तिथे मुख्य विषय पाच आणि सहावा जादा. पाचवा शारीरिक शिक्षण आणि सहावा गणित असं घेतलेलं असेल, तर शाळेच्या परवानगीने सहावा सोडता येतो आणि सोडला तरी पाच शिल्लक राहतात.

बडोद्याच्या वाचकांकडे हा निर्णय अकरावीलाच होतो. गुजरात मंडळात ए ग्रुप म्हणजे गणित, बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्र आणि एबी म्हणजे दोन्ही. एबी घेतलेल्या मुलाचा प्रश्न आपल्या पीसीएमबीसारखाच. हैदराबादेत इंटरमीडिएटला एमपीसी किंवा बायपीसी अशी सरळ वाटणी असल्यामुळे दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याची सोयच नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडेही गणित गट आणि जीवशास्त्र गट हीच भाषा चालते. तिकडचे लोक आमच्या पीसीएमबीच्या हट्टाला हसतात. खोटं कशाला बोला, थोडं हसण्यासारखं आहेच.

कुठला विषय कुठे मोजला जातो

‘दरवाजे उघडे राहतात’ हे वाक्य तपासून घ्यायला हवं, कारण प्रत्येक दरवाजाला चारही किल्ल्या लागत नाहीत.

कर्नाटक सीईटीची इंजिनिअरिंग रँक काढताना भौतिक, रसायन आणि गणित या तीन विषयांचे पीयूसीचे गुण निम्मे आणि सीईटीचे गुण निम्मे धरतात. जीवशास्त्रात ९८ पडले काय नि ५८ पडले काय, या रँकेत फरक पडत नाही. भाषांचेही तसंच. म्हणजे इंजिनिअरिंगच नक्की असलेल्या मुलाने जीवशास्त्राच्या ट्यूशनला दिलेला रोजचा तास रँकेच्या हिशोबात खर्ची पडतो, जमेला येत नाही. सीईटीत प्रत्येक विषयाला ६० प्रश्न आणि ८० मिनिटं असतात, चुकीला गुण कापत नाहीत. जीवशास्त्राचा पेपर इंजिनिअरिंगवाल्याने दिलाच पाहिजे असंही नाही.

उलट बाजूला नीट आहे. ७२० गुणांत भौतिक आणि रसायन प्रत्येकी १८०, जीवशास्त्र ३६०. गणित शून्य. बोर्डाचे गुणही पात्रतेपुरतेच लागतात: खुल्या गटाला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून ५० टक्के, राखीव गटांना ४०. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस हे सगळे रस्ते नीटमधूनच जातात.

बी.फार्म.ला भौतिक-रसायनासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरतं. हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं. फार्मसीसाठी म्हणून चारही विषय ओढत नेणारी मुलं मी पाहिली आहेत.

गणित सोडताना मात्र दोनदा विचार करावा, कारण ते सोडलं की बंद होणारे रस्ते जास्त आहेत. इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर तर जातंच. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे घराघरात एखादा तरी फौजेचं स्वप्न बघणारा असतो. एनडीएच्या हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतं. लष्करासाठी बारावीची शाखा कुठलीही चालते, पण लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा पेपर सगळ्यांनाच आहे. कॉमर्सवाल्यांनीही हे वाचावं. ‘संख्याशास्त्र नको, इतिहास सोपा’ म्हणून कॉम्बिनेशन बदलणाऱ्या मुलाला सीए करायचं असेल, तर फाउंडेशनला गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा १०० गुणांचा पेपर वाट बघत असतो, आणि त्यात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात.

माझ्या घरातली गोष्ट

माझी भाची खानापूरकडची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीसीएमबी, आणि शिकायला आमच्याकडे. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ट्यूशन, रात्री बारापर्यंत जर्नल. ऑगस्टात तिला गणितात काहीच येईना. ताईचा रोज फोन, ‘दादा, तिचं गणित काढून टाक, पोरगी वाळली.’ भाऊजी मात्र ठाम होते की काढायचं नाही.

मी हिशोबी माणूस. तिला म्हटलं, एक आठवडा वहीत लिही, कुठल्या विषयाला किती तास गेले. शनिवारी वही बघितली. गणिताला चौदा तास, जीवशास्त्राला अकरा, रसायनाला जेमतेम पाच. झोप रोजची साडेपाच तास. आणि चौदापैकी निम्मा वेळ गणित सोडवण्यात नव्हे, तर इंग्रजीतला प्रश्न समजून घेण्यात जात होता. ‘मामा, गणित येतंय, पण ते काय विचारतायत तेच कळत नाही,’ असं ती म्हणाली तेव्हा मला लख्ख कळलं की आम्ही तीन मोठी माणसं चुकीच्या विषयावर भांडत होतो.

मराठी माध्यमातून पीयूसी सायन्सला गेलेल्या मुलांची ही सार्वत्रिक अडचण आहे. पहिले तीन-चार महिने सहा विषयांसोबत इंग्रजी हा न लिहिलेला सातवा विषय चालू असतो. तो हळूहळू सुटतो. त्या काळातल्या एका चाचणीवरून विषय काढण्याचा निर्णय घेणं घाईचं होतं. पण पाया कच्चा असेल, म्हणजे बीजगणित आणि त्रिकोणमिती दहावीलाच पाठ करून मारलेली असेल, तर नुसती वाट बघून भागत नाही. फरक ओळखायची सोपी युक्ती: तोच प्रश्न मराठीत सांगून बघा. सुटला तर भाषेची अडचण, नाही सुटला तर विषयाची.

भाचीला डॉक्टरच व्हायचं होतं. मग आम्ही गणित ठेवलं, पण त्याची ट्यूशन बंद केली. कॉलेजात शिकवतील तेवढं करायचं, पास व्हायचं, सीईटीचा गणिताचा पेपर द्यायचा नाही. आठवड्याचे दहा तास सुटले, त्यातले चार झोपेला गेले. पुढे नीटमध्ये एमबीबीएसइतके गुण काही पडले नाहीत, ती आता बी.फार्म. करते. गणित ठेवल्याचा उपयोग झाला का? सरळ सांगायचं तर नाही झाला. भाऊजींना हे अजून पटत नाही.

विषय न सोडता वजन कमी करणं

आपल्या बोर्डांत विषयाची संख्या हलत नसली, तरी एखाद्या विषयाला द्यायचं वजन आपल्या हातात असतं. पीयूसीत भौतिक, रसायन, जीवशास्त्राला ३० गुण प्रात्यक्षिकाचे आणि गणिताला २० अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. दुय्यम विषयात हे गुण नीट राखले, तर लेखीचं दडपण बरंच उतरतं. शिवाय कर्नाटकात वर्षाला एकाहून जास्त परीक्षा होतात आणि सर्वोत्तम गुण धरले जातात. एका विषयात कमी पडले तर तो पुन्हा देता येतो, वर्ष जात नाही.

दुसरी भाषाही बघून घ्या. पीयूसीला मराठी भाषा विषय म्हणून आहे. ज्या कॉलेजात तो शिकवतात तिथे मराठी माध्यमाच्या मुलाने गुणांच्या आशेने नव्याने संस्कृत घेण्याआधी विचार करावा. ज्या भाषेला घरी अभ्यास लागत नाही ती घेतली, की तेवढा वेळ सायन्सला मिळतो.

सीमाभागात आणखी एक ओझं असतं, परीक्षांचं. पीयूसी बोर्ड, कर्नाटक सीईटी, खासगी कॉलेजांसाठी कॉमेडके, जेईई किंवा नीट, आणि वर महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांना स्वतंत्र प्रवर्गातून प्रवेश मिळतो, त्यामुळे तो फॉर्म भरणं रास्तच आहे. पण पाचही परीक्षांची तयारी एकसारखी करणं कुणालाच जमत नाही. एमएचटी-सीईटीत महाराष्ट्राच्या अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असतो. तिथल्या इंजिनिअरिंगच्या यादीला बोर्डाचे गुण पात्रतेपुरतेच लागतात, कर्नाटकासारखे निम्मे मोजत नाहीत. यातली मुख्य परीक्षा कुठली हे दिवाळीच्या सुटीत घरी बसून ठरवा आणि एखाद-दुसरा फॉर्म सोडून द्या. विषय सोडण्यापेक्षा फॉर्म सोडणं पुष्कळ स्वस्त पडतं.

तरीही बदलायचंच ठरलं तर

काही मुलांच्या बाबतीत बदल करणंच योग्य असतं. मुलाला दुसरी वाट मनापासून हवी आहे, सोडायचा विषय त्या वाटेवर कुठेही मोजला जात नाही, आणि दोन चाचण्या व दोन-तीन महिने नीट प्रयत्न करूनही तो विषय बाकीच्यांना खाली ओढतो आहे, असं असेल तर थांबू नका. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला बदल करणं कॉलेजच्या हातात असतं. दुसऱ्या वर्षात गेल्यावर ‘आता काढा’ म्हणून हेलपाटे घालणाऱ्या पालकांच्या पदरी सहसा काही पडत नाही.

सोडलेला विषय पुढे परत घेता येतो का? एनआयओएसमधून बारावी पास झालेल्याला एकेक विषय देता येतो. जीवशास्त्राच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, की मान्यताप्राप्त मंडळाकडून बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेलेही नीटला पात्र आहेत. वाट आहे, पण त्यात एक वर्ष जातं.

एक गोष्ट मात्र गुणांच्या हिशोबात बसवू नका. पोर जेवत नाही, रात्रभर जागं राहतं, कॉलेजला जायच्या वेळी पोटात दुखतं, मित्र-मैत्रिणींशी बोलणं तोडतं, तर विषयाची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे.

बदलाचा अर्ज द्याल तो लेखी द्या, त्यावर मुलाची आणि पालकाची दोघांची सही असू द्या, आणि शिक्का मारलेली पोच घ्या. नव्या कॉम्बिनेशनने नाव बोर्डाकडे गेलं की नाही, हे दुसऱ्या वर्षाची परीक्षा नोंदणी होताना ऑफिसात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हॉल तिकिटावर जुना विषय छापून आल्यावर धावपळ करणारे पालक दर वर्षी एक-दोन तरी भेटतात.