लेझी लोडिंगचं मूळ किती जुनं?

नांदगावहून मनमाडकडे जाताना, रेंज येत-जात असताना, मोबाइलवर मराठी विकिपीडियाचा एखादा लांब लेख उघडा. मजकूर आधी येतो आणि खालची चित्रं तुम्ही तिथवर पोचता तेव्हाच येतात. विकिपीडियाच्या मोबाइल आवृत्तीत ही सोय 2016 मध्ये आली. जो वाचक पहिल्या परिच्छेदावरूनच परत जातो, त्याचा डेटा तळाच्या चित्रांवर का खर्च करायचा, हा त्यामागचा साधा विचार.

आता समजा, तुम्हाला यावर प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहायचंय. इतिहास कुठून सुरू कराल? बहुतेक जण 2007 च्या जेक्वेरी प्लगइनपासून करतात. त्यात चित्राचा खरा पत्ता वेगळ्या गुणधर्मात लपवून ठेवायचे आणि स्क्रोल झालं की तो जागेवर आणायचे. पण स्क्रोलची घटना क्षणात अनेकदा घडते, दर वेळी मोजमाप करताना ब्राउझर दमतो. म्हणून 2016 मध्ये क्रोम 51 ने इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर दिला. 2019 मध्ये क्रोम 76 पासून तर चित्राच्या टॅगमध्ये एक शब्द लिहिला की काम भागू लागलं.

मी म्हणेन, अजून मागे जा. 1962, मँचेस्टर विद्यापीठ, ॲटलस संगणक. मुख्य स्मृती 16 हजार शब्दांची, मागे 96 हजार शब्दांचा चुंबकीय ड्रम. आधी कोणता भाग कधी आत आणायचा हे प्रोग्रामरच ठरवायचा. टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांनी स्मृतीची 512 शब्दांची पानं पाडली. हवं ते पान आत नसेल तर यंत्र थांबून ते ड्रमवरून आणायचं. यालाच पुढे डिमांड पेजिंग म्हणू लागले. (ते ‘पेज’ आणि वेबपेज एक नव्हे, इथे गफलत करू नका!)

मर्यादाही तिथेच दिसली. पानांची सतत ने-आण सुरू झाली की संगणक काम कमी आणि हमाली जास्त करतो. पीटर डेनिंग यांनी 1968 मध्ये ‘वर्किंग सेट’ मांडला: प्रोग्रामला सध्या सतत लागणारी पानं आत असलीच पाहिजेत.

वेबला हाच धडा पुन्हा शिकावा लागला. ऑगस्ट 2020 मध्ये वर्डप्रेस 5.5 ने चित्रं आपोआप लेझी केली. पण पहिल्याच पडद्यावरचं मोठं चित्रही थांबवलं तर पान उलट उशिरा दिसतं. जानेवारी 2022 च्या 5.9 मध्ये मजकुरातलं पहिलं चित्र त्यातून वगळलं. माझ्या पहिल्या प्रयोगात मीही सरसकट सगळं लेझी केलं होतं, आणि आकडे बिघडल्यावर दोन दिवस नेटवर्कला दोष देत बसलो!

म्हणून साहित्याचा आढावा घेताना फक्त आपल्या विषयाचं नाव शोधू नका, प्रश्न शोधा. इथला प्रश्न ‘चित्र उशिरा कसं आणायचं’ हा नाहीच. ‘आत्ता काय लागणार, हे कोणी आणि कशावरून ठरवायचं’ हा आहे. तो धरून शोधलंत, तर तुमचे पूर्वसुरी साठ वर्षं मागे भेटतील.