तीन दांडे आणि एक गोल बटण

१९४१ साली अमेरिकी सैन्यात दाखल झालेल्या विलीज एमबी जीपच्या फरशीतून तीन दांडे वर येत. उंच दांडा नेहमीच्या तीन गिअरचा, शेजारचे दोन आखूड. त्यातल्या एकाने पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जोडायची किंवा तोडायची, दुसऱ्याने 'लो' टाकायचा. लो टाकला की इंजिन तेच, गिअर तेच, पण चाकांचा वेग जवळपास निम्मा आणि जोर जवळपास दुप्पट. नेमके प्रमाण १.९७. पुढची चाके जोडल्याशिवाय लो पडतच नसे. एवढा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येऊ नये म्हणून आतच तशी अडवणूक करून ठेवली होती.

आज पुण्या-नाशकातल्या शोरूममध्ये या दांड्यांच्या जागी बहुधा एक गोल बटण दिसते. त्यावर बर्फाचा कण, वाळूची टेकडी, चिखलातली चाकोरी अशी चित्रे. विक्रेता बटण फिरवतो, पडद्यावरचा रंग बदलतो, आणि घेणाऱ्याची खात्री पटते की चित्र आहे म्हणजे गाडी तिथे जाणार. त्या चित्रामागे कोणते लोखंड उभे आहे, आणि एकाच गाडीच्या बेस आणि टॉप मॉडेलमध्ये ते कसे बदलते, हे समजून घ्यायचे तर जीपपासूनच निघावे लागते.

गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. ते कापता यावे म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो. त्याचा स्वभाव असा, की दोन्ही चाकांना तो सारखाच जोर देतो, आणि कमी पकड असलेल्या चाकाला पेलेल तेवढाच देतो. एक चाक चिखलात गरगरू लागले की घट्ट जमिनीवरचे दुसरे चाकही लुळे पडते. जीपच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये असा एकेक डिफरन्शियल होता, पण दोन ॲक्सलच्या मध्ये काहीच नव्हते. फोर व्हील टाकले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जात. चिखलात हे उत्तम. कोरड्या डांबरावर वळताना मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता घेतात, जखडलेले शाफ्ट पिळवटतात, स्टिअरिंग जड होते, टायर घासतात आणि दांडा ओढला तरी सुटत नाही. कधी जोडायचे, कधी सोडायचे, हे ड्रायव्हरला ठाऊक असणे भागच होते. ओढ्यात शिरण्याआधी दांडा टाकायचा, मध्यावर रुतल्यावर नाही. तीव्र उतारावर लो आणि पहिला गिअर ठेवून ब्रेकवरचा पाय उचलायचा. वाळूत थांबायचे नाही. आजचा प्रत्येक मोड ही अशा हातापायांत भिनलेल्या शहाणपणाची नोंद आहे. नोंद कितीही बारकाईने केलेली असली तरी जे लोखंड गाडीत नाही ते ती उभे करू शकत नाही, आणि नेमके हेच जाहिरातींत सांगितले जात नाही.

लँड रोव्हर जन्मली ती जीपच्याच चाकोरीत. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाके कायम जोडलेली असत आणि पुढच्या बाजूला फ्रीव्हील, म्हणजे वळणावर पुढची चाके पुढे धावायला मोकळी. लवकरच तिनेही निवडीचा मार्ग धरला: पिवळ्या मुठीचा दांडा फोर व्हीलसाठी, लाल मुठीचा लोसाठी. १९७० च्या रेंज रोव्हरने दोन ॲक्सलच्या मध्येही डिफरन्शियल बसवला. त्यामुळे डांबरावरही चारही चाके जोडलेली राहू शकली. चिखल आला की तो मधला डिफरन्शियल लॉक करायचा, म्हणजे दोन्ही ॲक्सल पुन्हा जखडायचे. मित्सुबिशीने १९९१ च्या दुसऱ्या पिढीच्या पजेरोत निवडीचे आणि कायम जोडलेल्या चाकांचे अशी दोन्ही घराणी एकाच दांड्यावर आणली: टू व्हील, मधला डिफरन्शियल मोकळा ठेवणारी फोर व्हील, तो लॉक करणारी फोर व्हील, आणि लॉकसह लो. दांड्यांच्या युगाचा मला हा कळस वाटतो. दांड्यावरची प्रत्येक खूण यंत्रातली एक खरी जोडणी सांगत होती.

मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये सुरू केली आणि पुढची कित्येक दशके महाराष्ट्राच्या कच्च्या रस्त्यांवर जीप म्हणजे महिंद्रा हे समीकरण राहिले. पण जीप दिसली म्हणजे फोर व्हील आहे, असे तेव्हाही नव्हते. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापच्या गाड्या, विदर्भ-खानदेशातल्या काळ्यापिवळ्या बहुतांशी टू व्हील होत्या. चेहरा जीपचा, पण पुढचा ॲक्सल नुसता वळणारा, ओढणारा नव्हे. डिझेल वाचे, देखभाल कमी लागे, किंमत आवाक्यात राही, आणि ज्या गावांना एसटी दिवसातून एकदाच दिसे तिथल्या माणसांची ये-जा या गाड्यांनीच चालवली. तेव्हा जाणकार माणूस वाकून पुढच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियलचा गोळा लोंबतो आहे का ते पाही आणि मग बोलणी करी. एकाच चेहऱ्याखाली दोन वेगळी यंत्रे, हा प्रकार आपल्याकडे एवढा जुना आहे.

गोल बटणाची कूळकथा १९९७ मध्ये सुरू होते, आणि ती सुरू होते एका उणिवेतून. त्या वर्षी लँड रोव्हरने फ्रीलँडर ही लहान गाडी आणली. तिचे इंजिन आडवे, बांधणी कारसारखी, आणि तिच्यात लो नव्हता. दगडगोट्यांच्या उतारावर लो नसेल तर गाडी इंजिनाच्या जोरावर धरून ठेवता येत नाही. ब्रेक दाबावा तर निसरड्यावर चाके अडकतात आणि गाडी घसरते. यावर इंजिनिअरांनी जो उपाय शोधला तो एबीएसमधून आला. बॉशने १९७८ मध्ये मोटारींसाठी बाजारात आणलेली ही यंत्रणा मुळात ब्रेक सोडण्यासाठी होती: चाक अडकू लागले की दाब क्षणभर कमी करायचा. पुढे तिला स्वतःचा दाब निर्माण करता येऊ लागला, आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर नसतानाही ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावू शकली. फ्रीलँडरच्या गिअरच्या दांड्यावरचा पिवळा खटका सरकवला की उतारावर हेच घडे. हिल डिसेंट कंट्रोल हे नाव तिथून रूढ झाले.

त्याच करामतीचा दुसरा उपयोग आणखी मोलाचा. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला, की डिफरन्शियलला तिथे प्रतिकार जाणवतो आणि तेवढाच जोर तो पकड असलेल्या चाकालाही देतो. लॉक न बसवता लॉकचे बरेचसे काम होते. किंमत अर्थात मोजावी लागते. इंजिनाची ताकद ब्रेकच्या उष्णतेत जळते, लांब चढावर ब्रेक तापतात आणि मग यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी माघार घेते. शिवाय चाक थोडे गरगरल्यानंतरच ती जागी होते. लोखंडी लॉक आधीच तयार असतो आणि थकत नाही. आजच्या निम्म्या मोडांचे बळ या ब्रेकमधूनच येते, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

२००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये पाच चित्रांचे ते बटण आले: टेरेन रिस्पॉन्स. साधा रस्ता, गवत-खडी-बर्फ, चिखल आणि चाकोऱ्या, वाळू, खडक. हे बटण स्वतः काहीच जोडत नव्हते. ते सगळ्या यंत्रणांना एकदम हुकूम देत होते. बर्फावर ॲक्सलरेटर मुद्दाम मंद व्हायचा, पाय जोरात पडला तरी चाके हळूच उचलायची. वाळूत उलट: इंजिन चटकन उसळायचे, गिअर जास्त वेळ धरून ठेवले जायचे आणि गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारे ट्रॅक्शन कंट्रोल हात आवरता घ्यायचे, कारण तिथे ब्रेक लागून वेग गेला की गाडी रुतलीच. चिखलात चाकांना थोडे गरगरू दिले जायचे, म्हणजे टायरच्या खाचांतला चिखल उडून जाईल. खडकासाठी लो हवाच. तिथे ॲक्सलरेटर अगदी आळशी आणि ब्रेक अगदी तत्पर, चाक निसटले की लगेच धरायचे. हवेच्या सस्पेन्शनने गाडी उंच व्हायची, मधला डिफरन्शियल विजेच्या मोटरने हवा तेवढा आवळला जायचा. मुरलेल्या ड्रायव्हरचे शहाणपण इतक्या पूर्णपणे याआधी कुणी लिहून काढले नव्हते. आणि पहिल्याच दिवसापासून ते सगळ्यांना मिळाले नव्हते. युरोपात त्याच गाडीचे बेस मॉडेल कॉइल स्प्रिंगवर यायचे, आणि त्यात हे बटण नसायचे. हुकूम घेणारे लोखंड नाही म्हणून हुकूम देणारे बटणही नाही, हा व्यवहार मला प्रामाणिक वाटतो.

पुढे तसे राहिले नाही. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात बनणारी हॅरिअर आली. तिची चौकट लँड रोव्हरच्या डी८ आराखड्यावरून घडवलेली, आणि तिच्यात नॉर्मल, वेट, रफ असे टेरेन रिस्पॉन्स मोड. पण ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. जुलैच्या पावसात ताम्हिणी घाट चढताना वेट मोडचा उपयोग नक्की होतो, त्याला कमी लेखू नये. रुतलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना मात्र तो कधीच हलवू शकणार नाही. घराण्याचे नाव इथवर पोचले, लोखंड मागे राहिले.

पुण्याजवळच्या रांजणगावात २०१७ पासून बनणाऱ्या जीप कंपासमध्ये हा फरक एकाच गाडीत पाहता आला. साध्या कंपासला फक्त पुढची चाके ओढतात. फोर बाय फोर मॉडेलच्या बटणावर ऑटो, स्नो, सँड, मड. जून २०१९ मध्ये आलेल्या ट्रेलहॉकच्या बटणावर एक चित्र जास्त: रॉक. त्या एका चित्रापाठी खरा बदल आहे. ट्रेलहॉकमध्ये वेगळा लो नाही, पण नऊ गिअरच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर आणि शेवटची दातेरी जोडणी मिळून चाकांचा वेग इंजिनाच्या विसाव्या हिश्श्यावर येतो. विलीजच्या लो-पहिल्यात तो सुमारे पंचविसावा हिस्सा होता. ट्रेलहॉकचे डिझेल इंजिन ३५० न्यूटन मीटरचे, विलीजचे १४० च्या आसपास, त्यामुळे नवी गाडी दुबळी नाही. पण पायाने वेग आवरण्याची जी बारीक सोय लो देतो ती तिच्यात थोडी कमीच. फोर्डच्या ब्रॉन्को स्पोर्टमध्येही अशीच विभागणी आहे: चिखल आणि खडक ही चित्रे बॅडलँड्स या मॉडेलला, ज्याच्या मागच्या ॲक्सलवर दोन क्लचांची वेगळी जोडणी आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये नाशकात तयार होणाऱ्या नव्या थारने दांडा परत आणला: टू हाय, फोर हाय, न्यूट्रल, फोर लो. चित्रे नाहीत. मग जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांची स्वस्त थार आली आणि दांड्याच्या जागी सामान ठेवायचा खण झाला. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्या. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या मारुती जिम्नीने उलटा निर्णय घेतला: तिच्या झीटा आणि अल्फा या दोन्ही मॉडेलांत दांडा आणि लो आहेच, पैसे वाढले तर वाढतात ते पडदा आणि दिवे. ज्याला खरोखर रस्ता सोडून जायचे आहे त्याच्यासाठी ही मांडणी मला सर्वांत न्यायाची वाटते. चाकणच्या स्कॉर्पिओ-एनमध्ये खरा लो आणि चित्रांचे मोड दोन्ही आहेत, पण फोर बाय फोर फक्त डिझेलला. २०२४ च्या थार रॉक्सचेही तसेच. तिला मागच्या डिफरन्शियलचा विजेवर चालणारा लॉक मिळाला, आणि वळताना आतल्या मागच्या चाकाला ब्रेक लावून गाडी कमी जागेत वळवणारी सोयही.

विजेच्या गाड्यांनी या कूळकथेला पुन्हा वळण दिले आहे. २०२५ च्या हॅरिअर ईव्हीच्या सर्वांत वरच्या मॉडेलमध्ये पुढे एक आणि मागे एक मोटर आहे, मध्ये शाफ्टच नाही. बाकीच्या मॉडेलांत फक्त मागची मोटर. लँड रोव्हरच्या वंशातल्या या गाडीने चार चाकांची ताकद परत मिळवली, आणि मधला डिफरन्शियल हा प्रश्नच तिच्यापुरता उरला नाही.

हे मोड ज्या जमिनींवर घडले त्यांत बर्फ आहे, वाळवंट आहे, खडक आहेत. आपल्याकडे बर्फाच्या चित्राचा उपयोग ओल्या गवताच्या पायवाटेवर आणि शेवाळलेल्या जांभ्यावर होतो. वाळूच्या चित्राला मात्र आपल्याकडे फारशी जागा नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणे गुन्हा आहे, आणि वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तिथे मोड कितीही चांगला असला तरी गाडी रस्त्यावरच ठेवावी. राहिला चिखल. कोकणातल्या लाल चिखलात खाली बहुतेक वेळा कठीण थर सापडतो, चाक गरगरत तिथपर्यंत पोचते आणि पकड मिळते. मड मोड त्यासाठीच आहे. मराठवाड्यातली, विदर्भातली काळी माती वेगळी. भिजली की ती फुगते, टायरच्या खाचांत घट्ट बसते आणि गरगरूनही सुटत नाही. चारही चाके गुळगुळीत होतात, मग लॉक असो, लो असो, की सर्वांत महागड्या मॉडेलचे बटण. तिथे मोठ्या, मोकळ्या खाचांचे टायर थोडी मदत करतात. पण त्या मातीत ट्रॅक्टर चालवणारा शेतकरीसुद्धा वाफसा आल्याशिवाय रानात चाक घालत नाही.