परागनलिकेला वाट कोण दाखवतं?

नेट-सेटची किंवा पेटची तयारी करताना आपण सगळे एक ओळ पाठ करतो : दुहेरी फलन, नवाशिन, १८९८. एक गुण मिळतो, पुढे जातो. पण त्या ओळीच्या आधी सत्तरेक वर्षं चाललेलं एक भांडण आहे, आणि ते वाचलं की संशोधनाचा प्रश्न कसा तयार होतो हे जास्त कळतं. भांडणाची सुरुवात झाली आपल्या नांदेड-लातूरकडे शेताच्या धुऱ्यावर उगवणाऱ्या, भाजीसाठी खुडल्या जाणाऱ्या घोळीच्या फुलापासून.

जोव्हानी बातिस्ता अमिची हा इटलीतल्या मोडेनाचा. गणित शिकवायचा, सूक्ष्मदर्शक स्वतः बनवायचा. त्याला परागाचं काही पडलेलं नव्हतं. घोळीच्या कुक्षीवर बारीक केस असतात, त्यांच्या आतला रस कसा फिरतो ते तो बघत होता. बघता बघता एका केसाला चिकटलेल्या परागकणातून एक नळी बाहेर आली आणि तिच्यातही कण वाहताना दिसले. हे निरीक्षण १८२४ मध्ये छापलं गेलं. पाहायचं होतं एक, दिसलं दुसरं. पण स्वतः घासलेल्या भिंगाखाली पारदर्शक केस होते म्हणून दिसलं. जाड, अपारदर्शक कुक्षीचं झाड घेतलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं.

फ्रान्समध्ये ब्रोन्यार यांना वाटलं की नळी कुक्षीतच फुटते आणि तिच्यातले कण खाली झिरपतात. अमिचीने १८३० मध्ये पत्राने कळवलं : नाही, नळी वाढत वाढत थेट बीजांडापर्यंत जाते, एका बीजांडाला एक नळी.

मग आले श्लायडन. पेशी सिद्धांतवाले तेच. १८३७ मध्ये त्यांनी सांगितलं की नळीचं टोक भ्रूणकोशात शिरतं आणि त्या टोकाचाच गर्भ होतो. म्हणजे बीज सगळं परागाचं, बीजांड नुसतं शेत! ‘बीज आणि क्षेत्र’ ही जोडी आपल्याकडेही जुनीच, त्यामुळे ही कल्पना ऐकायला किती सोपी वाटली असेल याचा अंदाज येतो. अमिचीने १८४६ मध्ये ऑर्किडमध्ये दाखवलं की ज्यापासून गर्भ होतो ती पेशी नळी पोचायच्या आधीपासून तिथे असते. हॉफमायस्टर यांनी १८४९ मध्ये अनेक जातींत तेच दाखवलं. तरीही १८५० मध्ये ॲमस्टरडॅमच्या संस्थेने बक्षीस दिलं ते श्लायडनची बाजू मांडणाऱ्या शाख्टला. मोठं नाव आणि सुंदर चित्रं असली की पुरावा कसा मागे पडतो, ते इथे दिसतं. १८५६ मध्ये श्लायडन यांनी म्हणणं मागे घेतलं. १८८४ मध्ये श्ट्रासबुर्गर यांनी केंद्रकांचा संयोग पाहिला आणि मग ती पाठांतराची ओळ.

पण एक प्रश्न तसाच होता : नळीला वाट कळते कशी? हा प्रश्न आपल्याकडे कापसाच्या वजनाशी जोडलेला आहे. सुरतच्या सी. टी. पटेल यांचा एच-४ हा संकरित वाण १९७० चा. पुढे नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून एनएचएच-४४ आला. अशा वाणाचं बियाणं हाताने तयार होतं. संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग कुक्षीला लावायचा. बाईमाणसांचं हे काम तिथे संपतं, पुढचं काम नळीचं. बोंडातल्या प्रत्येक बीसाठी वेगळी नळी बरोबर जागी पोचावी लागते. जिथे पोचत नाही तिथे सरकी भरत नाही, आणि कापसाचा धागा सरकीच्या सालीवरच उगवतो.

१९६२ या एका वर्षात दोन उत्तरं आली. मास्कारेन्हस आणि मॅकलिस यांनी दाखवलं की स्नॅपड्रॅगनच्या नळ्या कॅल्शियमकडे वळतात. दिल्लीत कांता, रंगस्वामी आणि पंचानन माहेश्वरी यांनी खसखशीच्या झाडाची बीजांडं काढून परीक्षानळीत ठेवली, त्यांवर थेट पराग टाकला आणि बी तयार झालं. कुक्षी नाही, कुक्षीवृंत नाही, तरी नळीला बीजांडाचं दार सापडलं. मला दुसरा प्रयोग जास्त आवडतो. कॅल्शियम झाडात सगळीकडे असतं, त्यामुळे नेमकं ठिकाण तेवढ्याने ठरत नाही. दिल्लीच्या प्रयोगाने मात्र शोधायची जागा लहान केली : बीजांड आणि त्याच्या आजूबाजूचं.

बीजांडातली नेमकी कुठली पेशी, हे कळायला झाड पुन्हा योग्य निवडावं लागलं. टोरेनियाचा भ्रूणकोश बीजांडाबाहेर डोकावतो. जपानच्या हिगाशियामा यांच्या गटाने २००१ मध्ये त्यातली एकेक पेशी लेसरने मारली. अंडपेशी मेली तरी नळ्या येत राहिल्या. तिच्या शेजारच्या दोन सहायक पेशींपैकी एक उरली तरी बऱ्याच आल्या, दोन्ही गेल्या तेव्हा एकही आली नाही. २००९ मध्ये त्या पेशींतून बाहेर पडणारी छोटी प्रथिनं सापडली. नाव ठेवलं ‘ल्युअर’, म्हणजे आमिष.

घोळीचं पाहायचं असेल तर लख्ख ऊन पडल्यावर सकाळीच जा. फूल थोडेच तास उघडं असतं, दुपारी मिटतं. कुक्षी पाण्याच्या थेंबात ठेवून आधी कमी क्षमतेच्या भिंगाखाली केस शोधा, मग परागकण.