हाड बारीक आहे म्हणून इम्प्लांट होत नाही? थोडा इतिहास वाचा

"डॉक्टर, दुसरीकडे दाखवलं होतं. हाड बारीक आहे, इम्प्लांट बसणार नाही म्हणाले." कागलमध्ये हे वाक्य मला नेहमी ऐकायला मिळतं. विचारलं तर कळतं, दाढ आठ-दहा वर्षांपूर्वीच काढलेली असते. दुखणं थांबलं, विषय मिटला.

विषय मिटलेला नसतो. दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की ते झिजायला लागतं आणि सगळ्यात जास्त रुंदीत झिजतं. शेजाऱ्यानं दर नांगरटीला थोडा थोडा बांध कोरावा ना, अगदी तसं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 46 रुग्णांमध्ये हे मोजलं आणि 2003 मध्ये प्रसिद्ध केलं. दाढ काढली त्या जागेची सरासरी 12 मिलिमीटर रुंदी वर्षभरात 5.9 वर आली होती, आणि त्यातली दोन-तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. आपल्याकडे त्यात तंबाखू आणि मशेरीची भर. निपाणी काही लांब नाही! हिरड्यांच्या आजारानं हलून पडलेल्या दातामागे तर हाड आधीच कमी उरलेलं असतं.

आता इम्प्लांटकडे येऊ. 1952 मध्ये स्वीडनचे ब्रोनमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी निघेना, हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. 1965 मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर ते स्क्रू टिकले. पण तो नेहमीचा स्क्रू 3.75 मिलिमीटर जाडीचा. दोन्ही बाजूंना किमान एक-दीड मिलिमीटर हाड हवं, म्हणजे साधारण सहा मिलिमीटरचा बांध पाहिजे. ज्यांच्याकडे चारच आहे त्यांचं काय?

न्यूयॉर्कच्या लिंकाव यांनी 1960 च्या दशकात सरळ उत्तर काढलं: हाड पातळ आहे, तर इम्प्लांटही पातळ करा. पात्यासारखी पट्टी हाडात चर पाडून बसवायची. काही पट्ट्या वर्षानुवर्षं टिकल्या. पण अनेकांभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर तयार झाला, पट्टी हलू लागली आणि निघताना उरलंसुरलं हाडही घेऊन गेली. 1982 च्या टोरोंटो परिषदेत ब्रोनमार्क यांचं काम जगापुढे आलं आणि पट्टी हळूहळू मागे पडली.

दुसरी वाट हाडच रुंद करण्याची. अमेरिकेच्या टेटम यांनी 1970 च्या दशकात ती सुरू केली, इटलीच्या सिमिओन यांनी 1992 मध्ये हाड उभं चिरून त्याच वेळी इम्प्लांट बसवण्याची पद्धत मांडली, आणि 1994 मध्ये समर्स यांनी क्रमानं जाड होत जाणारी हत्यारं आणली. तत्त्व तुमच्या ओळखीचं आहे: लाकडात पाचर मारतो तसं. फरक इतकाच की लाकूड फोडायचं असतं, इथे फक्त फाकवायचं. वरच्या जबड्याचं हाड सावरीच्या लाकडासारखं मऊ, ते वाकतं. खालचं बाभळीसारखं, घाई केली तर बाहेरचा पापुद्रा तुटतो. शिवाय दोन कडक थरांच्या मध्ये मऊ हाड उरलेलंच नसेल, तर फाकवणार काय? तीन मिलिमीटरपेक्षा कमी जागेत मी तरी हा खेळ करत नाही.

अशा वेळी नवीन हाड तयार करावं लागतं. 1988 मध्ये स्वीडनच्याच डालीन यांनी प्राण्यांवर दाखवलं की मध्ये पडदा ठेवून हिरडीच्या पेशी अडवल्या तर त्या पोकळीत हाड भरतं. आज आपण पडद्याखाली हाडाची पावडर भरतो आणि अनेकदा सहा महिने थांबतो. ही पावडर बऱ्याचदा गाईच्या हाडापासून केलेली असते. तुम्हाला ते चालणार नसेल तर आधीच सांगा. स्वतःचं हाड किंवा कृत्रिम पावडर असे पर्याय आहेत. रुग्ण विचारायला संकोचतात आणि डॉक्टर सांगायला विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि गंमत म्हणजे गाडी पुन्हा बारीक इम्प्लांटवर आली आहे. टायटॅनियममध्ये झिर्कोनियम मिसळून तीन-सव्वातीन मिलिमीटरचे स्क्रू बरेच मजबूत करता येतात. पुढच्या दातांना ते छान. एकट्या दाढेखाली, तेही भाकरी-मटण खाणाऱ्या माणसाच्या, मी विचार करूनच वापरतो. साखर आटोक्यात नसेल किंवा तंबाखू सुटली नसेल, तर यातलं काहीच लगेच करत नाही.

"हाड बारीक आहे" हे कशावरून ठरलं, तेही विचारा. जबड्याचा नेहमीचा मोठा एक-रे, म्हणजे ओपीजी, हाडाची उंची दाखवतो, रुंदी नाही. रुंदी दाखवणारा सीबीसीटी स्कॅन 1990 च्या दशकाच्या अखेरीस आला. तो केला असेल तर येताना नुसता रिपोर्ट आणू नका, सीडीही आणा. कागदावरच्या चित्रात हवी ती जागा निवडून मिलिमीटर मोजता येत नाहीत.